नावावर जुनी किरकोळ केस असेल तर नोकरी, सनद, बॅज आणि पासपोर्टसाठी नेमकं काय करायचं

पोलीस भरती, तलाठी, रेल्वे, केंद्रीय दलं, कशाचीही निवड यादी लागली की काही मुलं आणि त्यांचे आई-वडील जुनी फाईल शोधत कोर्टात येतात. कुणाची कॉलेजातली मारामारी असते, कुणावर मिरवणुकीतल्या डीजेवरून गुन्हा असतो, कुठे बांधावरून चुलत्याशी भांडण होऊन दोन्हीकडून एफआयआर झालेली असते, कुठे रास्ता रोको, कुठे लॉकडाऊनमधला 188, म्हणजे सरकारी आदेश मोडल्याचा गुन्हा. गुन्हा इतका छोटा की घरात सगळे विसरूनही गेलेले असतात, आणि आता हातात साक्षांकन नमुना, म्हणजे नेमणुकीआधी स्वतःची पार्श्वभूमी लिहून द्यायचा फॉर्म आलाय, त्यावर लिहिलंय की माहिती लपवली तर निवड रद्द होईल, आणि गल्लीतलं कुणीतरी सांगतंय की "नाही म्हणून लिहून टाक, कोण बघतंय". मी फौजदारी बाजूची वकिली करतो आणि हा सल्ला ऐकून हातातोंडाशी आलेल्या नोकऱ्या गेलेल्या बघितल्यात, म्हणून हे सगळं एका जागी लिहितोय. माझं म्हणणं एवढंच की किरकोळ केसने जेवढ्या नोकऱ्या जातात त्याहून जास्त ती लपवल्याने जातात, नाहीतर आपल्याच कागदात काय लिहिलंय हे माहीत नसल्याने जातात.

पहिलं काम: नावावर नक्की काय आहे ते ओळखा

लोक सरसकट "माझ्यावर केस आहे" म्हणतात, पण त्याच्या पाच-सहा जाती आहेत आणि प्रत्येकीचं उत्तर वेगळं.

एनसी म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद. पोलीस स्टेशनच्या रजिस्टरला नोंद होते, कोर्टाच्या परवानगीशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत, आणि बहुतेक वेळा ती तिथेच पडून राहते. नुसत्या एनसीवर खटला नसतो, त्यामुळे "खटला भरला होता का" याचं उत्तर नाही असंच येतं.

चॅप्टर केस ही वेगळी गोष्ट. शांतता भंग होऊ नये म्हणून जुन्या सीआरपीसीच्या (फौजदारी प्रक्रिया संहितेच्या) 107 किंवा 110 खाली, आता तिच्या जागी आलेल्या बीएनएसएसच्या 126 किंवा 129 खाली, कार्यकारी दंडाधिकाऱ्यापुढे बाँड लिहून घेतात. शिक्षा नाही, गुन्हा सिद्ध झालेला नाही, पण फॉर्ममध्ये "चांगल्या वर्तणुकीचं बंधपत्र लिहून घेतलं होतं का" असा प्रश्न असतो आणि त्याला हो म्हणावं लागतं. निवडणुकीच्या किंवा सणाच्या आधी गावातल्या वीस-पंचवीस पोरांना एकदम नोटिसा जातात, त्यातल्या बऱ्याच जणांना आपण कशावर सही केली हेही कळलेलं नसतं.

मग एफआयआर. एफआयआर झाली म्हणजे गुन्हेगार ठरलो असं नाही, पुढे तपासातून एकतर चार्जशीट जातं किंवा समरी, म्हणजे तपास बंद करायचा अहवाल, कोर्टात जाते. आपल्या महाराष्ट्रात समरीचे तीन प्रकार चालतात: गुन्हा खरा पण आरोपी सापडला नाही तर ए, तक्रारच खोटी असेल तर बी, आणि गैरसमजातून दिलेली तक्रार किंवा दिवाणी स्वरूपाचा वाद असेल तर सी. इथे एक गोष्ट नेहमी राहून जाते. हवालदाराने "तुमची बी समरी पाठवली" असं सांगितलं म्हणजे काम संपलं नाही, मॅजिस्ट्रेटने ती मंजूर केल्याचा हुकूम लागतो. तो हुकूम झालाय की समरी अजून कोर्टात पडून आहे हे बघा.

चार्जशीट गेलं की खटला सुरू. त्याचा शेवट डिस्चार्ज (पुरावा तपासायच्या आधीच आरोपातून सोडणं), निर्दोष मुक्तता, तडजोड, सरकारने खटला मागे घेणं, हायकोर्टातून रद्द होणं किंवा शिक्षा, यापैकी कशाने तरी होतो. शिक्षेतही नुसता दंड, प्रोबेशनवर सोडणं आणि कैद यात खूप फरक आहे, त्यावर खाली येतोच.

ट्रॅफिकचं ई-चलान भरलं म्हणून कुणी घाबरू नका, जागेवर भरलेला तो दंड म्हणजे तडजोड असते, कोर्टाने दिलेली शिक्षा नसते. पण दारू पिऊन गाडी चालवल्याचं कलम 185 असं जागेवर मिटत नाही, ते कोर्टात जातं आणि तिथे दंड भरला की ती दोषसिद्धी होते. पहिल्या वेळेला 10,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, असं हे कलम आहे, ते चलान समजून विसरू नका.

दुसरं काम: कागद हातात घ्या

आठवणीवर फॉर्म भरू नका. ईकोर्ट्सच्या वेबसाईटवर किंवा ॲपवर जिल्हा निवडून नावाने शोधता येतं, पोलीस स्टेशन आणि गुन्हा नंबर टाकूनही शोधता येतं. केस सापडली की 16 अंकी-अक्षरी सीएनआर नंबर लिहून ठेवा, पुढे सगळीकडे तोच लागतो. कोर्टाच्या भाषेत मोठ्या खटल्याला आरसीसी आणि समरी पद्धतीने, म्हणजे थोडक्यात चालणाऱ्या छोट्या खटल्याला एससीसी नंबर असतो, आणि पोलीस स्टेशनचा गु.र.नं. वेगळा, या दोन नंबरांची गल्लत करू नका. जुन्या केसेस ऑनलाईन नसतीलही, मग कोर्टाच्या रेकॉर्डमध्ये शोध घ्यावा लागतो. एफआयआरची प्रत महाराष्ट्र पोलिसांच्या सिटिझन पोर्टलवर मिळते, सुप्रीम कोर्टाने 2016 मध्ये एफआयआर वेबसाईटवर टाकायला सांगितल्यापासून ही सोय आहे, फक्त संवेदनशील गुन्हे त्यातून वगळलेले असतात.

मग नक्कल विभागात अर्ज करून निकालपत्राची सही-शिक्क्याची नक्कल घ्या. झेरॉक्सवर भागवू नका. आणि नक्कल आली की फक्त शेवटची ओळ वाचून फाईल बंद करू नका, पूर्ण वाचा. "साक्षीदार फितूर झाले, संशयाचा फायदा देऊन मुक्त" असं लिहिलंय की "फिर्यादी पक्ष गुन्हा शाबित करू शकला नाही, आरोपीचा सहभाग दिसून येत नाही" असं लिहिलंय, यावर पुढे पोलीस खात्यात बराच कीस पाडला जातो.

अजून एक कागद कुणी बघत नाही तो म्हणजे अटकेचा. जामीनपात्र गुन्ह्यात पोलीस स्टेशनला बोलावतात, दोन-चार कागदांवर सह्या घेतात, तासाभरात घरी सोडतात. पोराला वाटतं आपल्याला फक्त चौकशीला बोलावलं होतं. प्रत्यक्षात त्यातला एक कागद अटक फॉर्म असतो आणि दुसरा जामीनपत्र, म्हणजे रेकॉर्डवर अटक झालेली असते. उलट कित्येक केसेसमध्ये हजर राहायची नुसती नोटीस दिलेली असते, पूर्वीच्या 41अ ची किंवा आताच्या 35(3) ची, आणि अटक झालेलीच नसते. "तुम्हाला कधी अटक झाली होती का" या प्रश्नाचं खरं उत्तर चार्जशीटच्या कागदात आहे, तुमच्या आठवणीत नाही. चार्जशीटमध्ये प्रत्येक आरोपीसमोर अटक तारीख आणि वेळ लिहिलेली असते, ती बघा.

केस अजून चालू असेल तर: कबुली आणि तडजोड यातला फरक समजून घ्या

हा भाग नीट वाचा, माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं आणि तेही पाचशे-हजार रुपयांच्या दंडासाठी.

राष्ट्रीय लोकअदालतीच्या दिवशी कोर्टात गर्दी असते. एका टेबलावर तडजोडीची प्रकरणं, आणि त्याच दिवसांत किरकोळ खटले कबुलीवर निकाली काढायची मोहीमही चालू असते. पक्षकाराला बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं, सही केली, पैसे भरले, केस मिटली, घरी गेलो. कायद्यात मात्र जमीन-अस्मानाचा फरक आहे. तडजोड झाली, म्हणजे फिर्यादीने कोर्टासमोर मिटवलं, तर बीएनएसएसच्या 359 खाली, पूर्वीच्या 320 खाली, तिचा परिणाम निर्दोष सुटण्यासारखा असतो. गुन्हा कबूल करून दंड भरला तर तुम्ही दोषी ठरलात, दंड शंभर रुपये असला तरी. आणि कबुली दिल्यावर अपीलही जवळपास बंद होतं, शिक्षा किती आणि ती कायदेशीर आहे का एवढ्यापुरतंच भांडता येतं.

सुप्रीम कोर्टापुढे 1996 मध्ये पवन कुमार विरुद्ध हरियाणा राज्य म्हणून केस आली होती. सरकारी नोकरीतला माणूस, कलम 294 खाली, म्हणजे सार्वजनिक जागी अश्लील बोलण्याबद्दल, समरी खटल्यात 20 रुपये दंड झालेला, आणि त्यावरून नोकरी गेलेली. वीस रुपये! तो सुप्रीम कोर्टापर्यंत गेला तेव्हा कुठे कोर्टाने सांगितलं की या कलमाखाली शिक्षा झाली म्हणून आपोआप नैतिक अधःपतन (चारित्र्यालाच बट्टा लावणारं कृत्य) होत नाही, आणि संसदेला सुचवलं की समरी खटल्यातला दोन हजारांपर्यंतचा दंड नोकरीच्या आड येऊ नये असा कायदा करा. असा सरसकट कायदा आजही नाही. म्हणून तुमचं वय वीस-बावीस असेल, पुढे सरकारी नोकरी, वकिली, बँक असं काहीही डोक्यात असेल, तर "कशाला तारखा करताय, कबूल करा आणि मोकळे व्हा" असं कुणीही सांगितलं तरी आधी विचार करा.

मग करायचं काय? साधी दुखापत, शिवीगाळ अशी कलमं (जुन्या भा.दं.वि.ची 323, 504, तिच्या जागी आलेल्या बीएनएसमधली 115(2), 352) कोर्टातच तडजोडीने मिटतात, फिर्यादी शेजारी-भाऊबंद असेल तर बसून मिटवा आणि हुकमात "तडजोडीमुळे निर्दोष मुक्त" हे शब्द आलेत ना ते तपासा. जी कलमं कोर्टात मिटत नाहीत त्यांच्यासाठी हायकोर्टात एफआयआर रद्द करायचा अर्ज, पूर्वी 482, आता 528. खाजगी स्वरूपाच्या भांडणात दोन्ही बाजू मिटवायला तयार असतील तर हायकोर्ट हे करू शकतं असं ग्यान सिंग केसमध्ये 2012 ला ठरलेलं आहे. ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झाल्याने कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्गच्या लोकांची मुंबईची खेप वाचली आहे.

आंदोलनातले आणि लॉकडाऊनचे गुन्हे असतील तर शासनाने वेळोवेळी ते मागे घ्यायचे निर्णय काढलेत, लॉकडाऊनच्या 188 बद्दल 2022 मध्ये तसा निर्णय झाला. पण पेपरात बातमी आली म्हणून तुमची केस मिटत नाही. सरकारी वकिलाने तुमच्या खटल्यात अर्ज द्यावा लागतो आणि कोर्टाने संमती द्यावी लागते. तुमच्या केसमध्ये हे झालंय का ते ईकोर्ट्सवर बघा, झालं नसेल तर सरकारी वकिलांच्या ऑफिसला लेखी अर्ज द्या आणि पाठपुरावा करा.

आणि दोषी ठरण्याची वेळ आलीच तर तुमच्या वकिलाला प्रोबेशन ऑफ ऑफेंडर्स ॲक्ट 1958 चा फायदा मागायला सांगा. पहिलाच गुन्हा, वय कमी, तर कोर्ट समज देऊन किंवा चांगल्या वर्तणुकीच्या बाँडवर सोडू शकतं, आणि या कायद्याचं कलम 12 म्हणतं की दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता अशा माणसाला लागणार नाही. हे ऐकून लोकांना वाटतं की सगळं पुसलं गेलं. तसं नाही. दोषसिद्धी कागदावर राहतेच, सुप्रीम कोर्टाने 1990 मध्ये बक्षी राम केसमध्ये स्पष्ट केलंय की प्रोबेशन मिळालं तरी खातं त्या वागणुकीवर कारवाई करू शकतं. म्हणजे अपात्रता जाते, प्रश्न विचारला तर उत्तर मात्र "हो, दोषी ठरलो, प्रोबेशनवर सोडलं" असंच द्यायचं.

साक्षांकन नमुना भरताना

फॉर्ममध्ये साधारण असे वेगवेगळे प्रश्न असतात: कधी अटक झाली होती का, खटला भरला होता का, स्थानबद्ध केलं होतं का, बंधपत्र घेतलं होतं का, कोर्टाने दंड केला होता का, दोषी ठरवलं होतं का, परीक्षेतून बाद केलं होतं का, आता कुठली केस चालू आहे का. प्रत्येक प्रश्न सुटा वाचा. केस सुटली असेल तर "दोषी ठरवलं का" याला नाही, पण "खटला भरला होता का" याला हो, आणि कागदावर अटक असेल तर त्यालाही हो. निर्दोष सुटलो म्हणजे केस झालीच नाही असं समजून सगळीकडे नाही लिहिणारेच जास्त अडकतात.

2016 चा अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार हा निकाल या विषयातला पाया आहे, तीन न्यायमूर्तींचा. त्यात सांगितलंय की उमेदवाराने दिलेली माहिती खरी हवी, पण जेवढं स्पष्ट विचारलंय तेवढंच सांगायचं बंधन आहे, मोघम प्रश्नावरून लपवल्याचा ठपका ठेवता येणार नाही. कमी वयात घोषणा देणं किंवा तसलाच किरकोळ गुन्हा असेल तर लपवलं असलं तरी नेमणूक करणारा त्याकडे दुर्लक्ष करू शकतो. खरं सांगितलं असेल तरी पार्श्वभूमी तपासायचा अधिकार खात्याला आहेच, नोकरी द्यायची सक्ती नाही. आणि माणूस नोकरीत कायम झाला असेल तर लपवल्याच्या कारणावरून काढताना आधी खातेनिहाय चौकशी करावी लागते.

"दुर्लक्ष करू शकतो" यावर विसंबू नका. 2021 मध्ये राजस्थानच्या वीज प्रसारण कंपनीची केस सुप्रीम कोर्टात होती, अनिल कंवरिया म्हणून. शिक्षा 323 आणि 341 ची, म्हणजे साधी मारहाण आणि वाट अडवणं, वर प्रोबेशनचा फायदाही मिळालेला. पण फॉर्म भरताना ते लपवलेलं. कोर्टाने नोकरी जाणं कायम ठेवलं आणि म्हटलं की भांडण किरकोळ होतं का हा प्रश्नच नाही, सुरुवातीलाच खोटं लिहिणाऱ्यावर मालकाने विश्वास कसा ठेवायचा हा प्रश्न आहे. दुसऱ्या बाजूला 2022 मध्ये पवन कुमार नावाच्याच, पण दुसऱ्या, आरपीएफच्या (रेल्वे सुरक्षा दलाच्या) उमेदवाराच्या केसमध्ये, आणि 2024 मध्ये उत्तर प्रदेश पोलिसातल्या रवींद्र कुमारच्या केसमध्ये, नुसतं लपवलं एवढ्यावरून डोळे झाकून काढू नका असं म्हणत कोर्टाने उमेदवारांच्या बाजूने निकाल दिला. पण ही माणसं वर्षानुवर्षं कोर्टात भांडली. तुम्हाला नोकरी हवी आहे, खटला नको आहे, तर फॉर्मवर खरंच लिहा.

लिहायचं कसं तेही सांगतो. रकान्यात जागा कमी असते, म्हणून "होय, सोबतचे निवेदन पाहावे" असं लिहून स्वतंत्र कागद जोडा:

"माझ्याविरुद्ध ___ पोलीस ठाणे येथे गु.र.नं. ___/2019, भा.दं.वि. कलम 323, 504 सह 34 अन्वये गुन्हा नोंद झाला होता. दि. ___ रोजी अटक करून त्याच दिवशी जामिनावर सोडण्यात आले. फौजदारी खटला आर.सी.सी. नं. ___/2019, मा. प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी, ___ यांच्या न्यायालयात चालला व दि. ___ रोजी माझी निर्दोष मुक्तता झाली. निकालाविरुद्ध अपील दाखल नाही. निकालपत्राची प्रमाणित प्रत सोबत जोडली आहे. याव्यतिरिक्त माझ्याविरुद्ध कोणताही गुन्हा नोंद अथवा प्रलंबित नाही."

एवढंच. त्यात "राजकीय सूडातून अडकवलं", "मी गरीब घरातला आहे" असलं काही घालू नका, ते सांगायची जागा पुढे सुनावणीत आहे. जे खरं नाही ते वाक्य काढून टाका, खासकरून अपील नाही हे तपासल्याशिवाय लिहू नका. पोचपावती घ्या आणि पूर्ण संचाची झेरॉक्स घरी ठेवा.

फॉर्म देऊन झाल्यावर, नेमणुकीच्या आधी नवीन गुन्हा नोंद झाला तर तोही लगेच लेखी कळवायचा असतो, फॉर्मवरच तशी सूचना असते. न कळवणं हेही लपवणंच धरतात.

कुठे किती अडतं

सगळ्यात कडक पोलीस आणि निमलष्करी दलं. तिथे सुटलेल्या केसचंही वजन होतं. 2013 च्या मेहर सिंग केसमध्ये दिल्ली पोलिसांनी तडजोडीतून सुटलेल्या उमेदवाराला नाकारलं आणि सुप्रीम कोर्टाने ते मान्य केलं. म्हणून खाकीची तयारी करणाऱ्या पोरांनी भांडणाच्या ठिकाणी उभंसुद्धा राहू नये असं मी कळकळीने सांगतो, दहा-बारा आरोपींच्या यादीत नुसतं बघायला उभा असलेल्याचं नाव घातलेलं मी बघितलंय.

बँकेत कायदाच आहे. बँकिंग रेग्युलेशन ॲक्टचं कलम 10 सांगतं की नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्याला बँकेने नोकरीत ठेवायचं नाही. चोरी, फसवणूक, बनावट कागद, अपहार हे त्यात सरळ येतात. मारामारी येते का? 2019 मध्ये स्टेट बँकेच्या एका मेसेंजरची केस होती, 324 खाली दोषी, प्रोबेशनवर सुटलेला. सुप्रीम कोर्टाने म्हटलं की प्रत्येक मारहाण ही नैतिक अधःपतन नव्हे, परिस्थिती बघावी लागते, आणि त्याला काढणं चुकीचं ठरवलं. तेव्हा आपलं कलम काय आहे आणि प्रसंग काय होता यावर बरंच अवलंबून असतं.

वकिलीची सनद: ॲडव्होकेट्स ॲक्ट 1961 च्या कलम 24अ प्रमाणे नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात शिक्षा झाली असेल तर नाव नोंदवता येत नाही, पण सुटकेनंतर दोन वर्षांनी ही आडकाठी संपते आणि प्रोबेशन मिळालेल्याला ती लागतच नाही. लॉच्या मुलांसाठी बार कौन्सिल ऑफ इंडियाने सप्टेंबर 2024 मध्ये परिपत्रक काढून गुन्ह्याची माहिती शिकत असतानाच कॉलेजला द्यायला सांगितलंय, ते वाचा. सीएला चार्टर्ड अकाउंटंट्स ॲक्टचं कलम 8 आहे, तिथे केंद्र सरकारकडे अर्ज करून अपात्रता दूर करून घ्यायची सोय ठेवली आहे, हे फार थोड्या जणांना माहीत असतं. डॉक्टरांना 2002 च्या आचारसंहितेप्रमाणे नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यातली शिक्षा म्हणजे गैरवर्तन, कौन्सिल कारवाई करू शकतं. कंपनीत डायरेक्टर व्हायचं असेल तर सहा महिने किंवा जास्त कैद झाली असल्यास शिक्षा संपल्यापासून पाच वर्षं थांबावं लागतं, नुसत्या दंडाने इथे अडत नाही. विमा एजंटला फसवणूक, विश्वासघात, अपहार, बनावट कागदपत्रं हे गुन्हे नडतात.

सिक्युरिटी गार्डचं काम लोक साधं समजतात पण 2005 चा खाजगी सुरक्षा एजन्सीचा कायदा बऱ्यापैकी कडक आहे, कोर्टाने दोषी ठरवलेल्याला गार्ड किंवा सुपरवायझर म्हणून ठेवता येत नाही. रिक्षा-टॅक्सीच्या बॅजला पोलिसांची चारित्र्य पडताळणी लागते. शाळांमध्ये 2024 च्या बदलापूरच्या घटनेनंतर शिपाई, बसवाले, मदतनीस सगळ्यांची पडताळणी होऊ लागली आहे, आणि ती व्हायलाच हवी.

खाजगी कंपनी

खाजगी कंपनीला बांधणारा वेगळा कायदा नाही, त्यांची पॉलिसी आणि ऑफर लेटरमधली अट हेच चालतं. बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनवाले बहुतेक वेळा ईकोर्ट्सवर नाव टाकून शोधतात, आणि इथे पाटील, जाधव, शिंदे, पवार आडनावाच्या माणसांचे हाल होतात, कारण त्याच नावाचा दुसराच कुणीतरी आरोपी असतो. असा रिपोर्ट आला तर एचआरकडे लेखी मागा की कुठल्या सीएनआर नंबरची केस आहे. मग त्या केसमधल्या आरोपीचं वडिलांचं नाव, वय, पत्ता आणि तुमचं आधार-पॅन शेजारी ठेवून ईमेलने उत्तर द्या. सोबत पोलिसांचं चारित्र्य प्रमाणपत्र जोडा, ते महाराष्ट्र पोलिसांच्या क्लिअरन्स सर्व्हिसच्या पोर्टलवरून अर्ज करून मिळतं.

केस खरंच तुमची असेल तर रिपोर्ट यायच्या आधी, ऑफर मिळाल्यावर, व्हेरिफिकेशन फॉर्ममध्ये सांगा. इंटरव्ह्यूत कुणी विचारलेलं नसताना सांगायची गरज नाही.

पासपोर्ट आणि परदेश

पासपोर्ट कायद्याच्या कलम 6(2)(फ) मध्ये कोर्टात खटला चालू असेल तर पासपोर्ट नाकारता येतो. पण नुसती एफआयआर म्हणजे कोर्टातला खटला नव्हे, कोर्टाने दखल घेतलेली हवी. खटला चालू असेल तरी रस्ता आहे: 25 ऑगस्ट 1993 च्या अधिसूचनेप्रमाणे त्याच कोर्टाकडून परवानगीचा हुकूम घ्यायचा. अर्जात किती वर्षांसाठी पासपोर्ट हवाय ते मागा आणि हुकमात मुदत लिहून घ्या, कारण मुदत लिहिलेली नसेल तर एकाच वर्षाचा पासपोर्ट मिळतो आणि पुन्हा तेच सगळं करावं लागतं. गल्फला जाणाऱ्यांना पीसीसी (पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट) लागतं, ते पासपोर्ट सेवेतून 500 रुपये फी भरून. अमेरिकेच्या व्हिसा फॉर्ममध्ये कधीही अटक झाली होती का असा प्रश्न आहे, सुटलेली केसही त्यात येते, तेव्हा तो अटक फॉर्म इथेही आठवा.

वय 18 पेक्षा कमी असताना झालं असेल तर

2015 च्या बाल न्याय कायद्याचं कलम 24 सांगतं की बालवयातल्या गुन्ह्याने कुठलीही अपात्रता येत नाही आणि अपीलची मुदत संपल्यावर नोंदी नष्ट करायच्या. अपवाद फक्त 16 वर्षांवरच्या, मोठ्यांसारखा खटला चाललेल्या मुलांचा. 2019 मध्ये रमेश बिश्नोई केसमध्ये सुप्रीम कोर्टाने याच धोरणावर बोट ठेवून केंद्रीय दलात निवड झालेल्या तरुणाला दिलासा दिला. तरीही पोलीस स्टेशनमधून रिपोर्ट येतात, म्हणून जन्मदाखला आणि बाल न्याय मंडळाचा हुकूम जवळ ठेवा.

निवड रद्दची नोटीस आली तर

कारणे दाखवा नोटीस आली तर मुदतीच्या आत उत्तर द्या, तोंडी भेटून भागवू नका. उत्तरात गुन्ह्यावेळचं वय, कलम, निकाल, खरं सांगितलं होतं का, आणि पदाचं स्वरूप, एवढे मुद्दे अवतार सिंगच्या निकालाशी जोडून मांडा. नोटीस न देताच रद्द केलं असेल तर तोच तुमचा पहिला मुद्दा. रद्दचा हुकूम लेखी मागा, मिळाला नाही तर माहिती अधिकारात मागा.

राज्य सरकारच्या पदासाठी पुढे मॅटमध्ये (महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात) जायचं, मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला खंडपीठं आहेत. केंद्राच्या नागरी पदांना कॅट (केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरण), आणि सीआरपीएफ, बीएसएफ, सीआयएसएफ यांच्यासाठी थेट हायकोर्ट. मॅट-कॅटला अंतिम हुकमापासून एक वर्षाची मुदत आहे, आणि "साहेबांना भेटतो, आमदारांचं पत्र आणतो" यात ती सहज निघून जाते. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर तालुका किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा, महिला आणि अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, बाकी बहुतेकांना उत्पन्नाच्या मर्यादेत. त्यांची हेल्पलाईन 15100, फोन करताना केस नंबर आणि हुकमाची तारीख जवळ ठेवा.